श्रीसंत गाडगेबाबा : खराट्याचा धर्म

वारकरी बंधुभगिनींनो, संतचरित्राचे श्रवण म्हणजे अंतःकरणाचे स्नान, असे आपले वाडवडील मानीत आले. पण स्नान म्हटले की अंगावरचा मळ निघाला पाहिजे. नुसते पाणी ओतून घेतले आणि मळ होता तसाच राहिला, तर त्या स्नानाचा उपयोग काय? म्हणून आज अशा सत्पुरुषाचे चरित्र सेवेस घेतले आहे, की ज्याने बाहेरचा मळ काढता काढता लोकांच्या आतल्या मळाला हात घातला. हातात वीणा घेतलेले संत आपण पुष्कळ पाहिले, ऐकले. हातात खराटा घेतलेला संत एकच, आणि तो म्हणजे श्रीगाडगेबाबा.

हे चरित्र आताच का घेतले, असे कोणी विचारील. गेल्या काही वर्षांत प्रत्येक फडावर आणि प्रत्येक दिंडीत एक प्रश्न निघाला. महामारी आली असता आपली प्रकृती सांभाळणे हा स्वार्थ, की धर्म? देह नाशिवंत, मरण नेमलेले, मग जिवाला इतके जपावे कशाला, असा एक पक्ष. या पूर्वपक्षाचे उत्तर मला कोणत्या पोथीत सापडले नाही इतके स्वच्छ बाबांच्या चरित्रात सापडले. ते जसे सापडले तसे सांगतो.

वऱ्हाडात अमरावती जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जी तालुक्यात, शेंडगाव नावाचे गाव आहे. तेथे परीट समाजातील झिंगराजी जानोरकर व सखुबाई यांच्या पोटी ता. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव डेबूजी. परिटाचे घर ते. गावाचे मळके कपडे उचलायचे, नदीवर धुवायचे आणि स्वच्छ करून ज्याचे त्याला पोचवायचे, हा कुळाचा धंदा. भगवंताची योजना कशी असते बघा! पुढे ज्याला अवघ्या महाराष्ट्राचा मळ धुवायचा, त्याला जन्मच अशा घरी दिला.

झिंगराजींना दारूने ग्रासले, आणि त्यातच त्यांचा देह लवकर खंगून गेला. डेबू तेव्हा अगदी लहान. सखुबाईने पोराला पोटाशी धरले आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरचा आसरा घेतला. मामा चंद्रभानजींच्या घरी डेबू गुरे राखू लागला, मोठा झाल्यावर नांगर धरू लागला. शाळेचे तोंड पाहिले नाही, परंतु रात्री भजनात बसे. बापाचा देह व्यसनाने कसा गेला हे मात्र त्याच्या मनावर कायमचे कोरले गेले. आपल्या देहाची हेळसांड करणारा मनुष्य एकटा मरत नाही. त्याच्यामागे बायको उघडी पडते, लेकरू पोरके होते. हा धडा डेबूजींना घरातच मिळाला होता.

पुढे १८९२ साली कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. पहिल्या मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण आणि दारूचे जेवण घालावे अशी रीत होती. डेबूजींनी ती मोडली आणि पंक्तीला गोडाचे जेवण वाढले. जातीतले लोक रागावले, कुरकुरले. पण लक्षात ठेवा, बाबांनी सुधारणेचा पहिला हात आपल्याच उंबऱ्यावर मारला. शेजाऱ्याचे अंगण झाडायला ते पुढे आयुष्यभर गेले, पण सुरुवात घरापासून केली.

आता त्या काळाकडे थोडे पाहिले पाहिजे, म्हणजे खराट्याची किंमत कळेल. बाबा विशीत होते तेव्हा, १८९६ साली, मुंबईत गाठीच्या प्लेगने शिरकाव केला. पाठोपाठ दोन मोठे दुष्काळ पडले. १८९९-१९०० चा तर वऱ्हाडाला फारच जड गेला. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, जी सहावी जागतिक साथ विद्वान मोजतात, ती १८९९ पासून १९२३ पर्यंत चालली. मध्येच १९१८ साली इन्फ्लुएंझाचा ताप आला. आपल्या देशात त्याने एक कोटीहून अधिक माणसे नेली, आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात तर मरणाचे प्रमाण फार मोठे होते. म्हणजे बाबांचे सगळे तारुण्य महामाऱ्यांच्या छायेत गेले. आपण दोन-तीन वर्षांत हबकून गेलो. त्या पिढीने पाव शतक हे सोसले.

पटकीचा हल्ला मोठा विलक्षण. सकाळी शेतावर गेलेला मनुष्य दुपारी वांती-जुलाबाने आडवा व्हावा आणि दिवस मावळायच्या आत त्याला तिरडीवर घालावे. अंगातले पाणी आणि क्षार वाहून जातात, त्याने प्राण जातो. जर्मन पंडित रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यास या रोगाचा जंतू तळ्याच्या पाण्यातही दाखवून दिला. रोग्याच्या मळातून आणि वांतीतून जंतू पाण्यात उतरतो, पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात जातो. वाट एवढीच. पण हे ज्ञान वऱ्हाडातल्या खेड्यापर्यंत कोण पोचवणार? तेथे डॉक्टर नाही, दवाखाना नाही. मग भाबडी माणसे काय करणार? मरीआईचा कोप झाला म्हणत. कर्ज काढून बकरे-कोंबडे कापीत.

आणि आणखी एक रीत होती. कित्येक गावी मरीआईचा गाडा काढीत. देवीला गाड्यात बसवायचे, खण-नारळ, नैवेद्य ठेवायचा, आणि वाजतगाजत तो गाडा गावाच्या शिवेवर नेऊन पुढच्या गावाच्या हद्दीत सोडून द्यायचा. आपल्या गावची इडापिडा गेली, आता पुढच्या गावाने पाहावे! पुढचे गाव तो गाडा त्याच्या पुढच्या शिवेवर लोटी. या माणसांना मी हसत नाही. घरात दोन प्रेते पडली म्हणजे मनुष्य काय करील याचा नेम नाही. परंतु या रीतीच्या पोटात एक विचार दडला आहे, तो मात्र ओळखून ठेवावा. माझे संकट माझ्या हद्दीबाहेर गेले की मी सुटलो. पलीकडे कोण मरतो याच्याशी मला कर्तव्य नाही. बंधूंनो, हा गाडा अजून मोडलेला नाही. त्याचे पुढे सांगेन.

असो. ता. १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले. म्हातारी आई, तरुण पत्नी, लेकरे मागे ठेवून निघाले. अंगावर चिंध्या जोडून केलेला अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, आणि हातात मातीचे फुटके गाडगे. तेच जेवणाचे पात्र, तेच पाणी पिण्याचे, उन्हात तेच डोक्यावर. त्या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. दुसऱ्या हाती खराटा. बारा वर्षे हा पुरुष रानोमाळ, गावोगाव हिंडला. कोणाला गुरू केले नाही, कोणाला शिष्य केले नाही.

त्यांची गावात शिरण्याची पद्धत पहा. आपण कीर्तनकार गावात गेलो की आधी उतरण्याची सोय विचारतो, मग चहा, मग पाय धुवायला पाणी. बाबा गावात आले की कोणाला न विचारता खराटा चालवू लागत. चावडीपुढचा कचरा, गटार, पाणवठ्याची वाट, जेथे सगळ्यांत जास्त घाण तेथे आधी. लोक आधी वेडा समजत, मग चौकशी करीत, मग एकेकजण लाजून झाडू घेऊन बाहेर येई. काम झाल्यावर कोणाच्या दारी भाकर मागावी आणि गाडग्यात घेऊन खावी. काम केल्यावाचून अन्न घ्यायचे नाही हा नेम. दिवसभर ज्या मोकळ्या जागेवरची घाण काढली, तेथेच रात्री कीर्तन उभे राही.

आणि ते कीर्तन! आम्ही व्याकरण-न्यायाचे पाठ घेतलेले लोक. पद, अन्वय, दृष्टांत, सिद्धांत यांच्या मांडणीत आमची हयात गेली. बाबांपाशी ते काही नव्हते. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या शेतकऱ्याला प्रश्न विचारीत, त्याच्याच तोंडून उत्तर काढीत, आणि ते उत्तर त्याच्याच गळ्यात बांधीत. देवापुढे बकरे कापू नका, नवसापायी कर्ज काढू नका, दारूला शिवू नका, पोराला शाळेत घाला, कोणाला अस्पृश्य मानू नका, आजार झाला तर अंगारे-धुपारे न करता औषध घ्या, हाच त्यांचा सिद्धांत. ज्या हाताने दिवसा गटार उपसले तोच हात रात्री उंचावून ते बोलत, म्हणून शब्द ऐकणाऱ्याच्या काळजात शिरे. दिवसाचे काम हेच रात्रीच्या कीर्तनाचे प्रमाण होते.

येथे एक तुलना केल्यावाचून राहवत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारनेही सफाईच हाती घेतली होती. त्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला. पण घराघरात गोरे सोजीर घुसले, देवघरात शिरले, बायामाणसांचा मान ठेवला नाही. परिणाम काय झाला? लोक आजारी माणूस माळ्यावर लपवू लागले. द्वेष इतका पेटला की २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळी घातली. रोग एकच आणि हेतूही सफाईचाच. परंतु धाकाने केलेली सफाई धाक उठताच उठते. बाबांच्या मागे कायदा नव्हता, सोजीर नव्हते. ते स्वतः वाकले, आणि त्यांना वाकलेले पाहून गाव वाकला. जी जबाबदारी मनुष्य आपण होऊन उचलतो, तीच टिकते.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या ठिकाणी येऊ. पंढरी! बाबा आषाढी-कार्तिकीला पंढरपुरास येत. पण दर्शनाच्या बारीत उभे राहत नसत. सारी यात्रा महाद्वाराकडे तोंड करून चालली असताना हा एक मनुष्य चंद्रभागेच्या वाळवंटात यात्रेची घाण उचलीत असे. वाचकहो, जरा खरे बोलू या. लाखो माणसे दोन-चार दिवस नदीकाठी उतरणार, दिवस पावसाळ्याचे, आडोसा नाही, संडास नाही. प्रातर्विधी त्याच वाळवंटात, स्नान त्याच पात्रात, धुणे तेथेच, आणि तीर्थ म्हणून ओंजळ तोंडाला लावायची तीही तेथलीच. पटकीला याहून सोपी वाट कोणती हवी? यात्रेत पटकी फुटली की माणसे ती घरी घेऊन जात, आणि वाटेवरच्या गावांनाही वाटीत जात. प्रसाद म्हणून बुक्का नेला, लाह्या नेल्या, आणि न कळत मरणही नेले. मरीआईचा गाडा निदान दिसत तरी होता. आमचा गाडा दिसतही नव्हता.

आणि ही घाण पुढे कोण काढी? ज्यांना आम्ही शिवत नव्हतो ते. त्यांनी ती हाताने भरावी, डोक्यावर वाहावी. ही लाज आपण फार दिवस बाळगली. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने पंढरीतील अस्वच्छतेची आणि हाताने मैला उपसण्याच्या प्रथेची दखल घेतली, तेव्हा कोठे कामाला जोर आला. नदीपलीकडे ६५ एकरांवर वारकऱ्यांचा तळ उभा राहिला, वारीच्या वाटेवर फिरती शौचालये आली. न्यायालयाने जे आमच्याकडून करवून घेतले, ते बाबा कोणी न सांगता आयुष्यभर एकट्याने करीत होते.

बाबा पांडुरंगाला मानीत नव्हते असे मात्र कोणी समजू नये. त्यांचा देव वाळवंटात चालत होता, खोकत होता, तहानलेला होता. त्याच्या पायाखालची जागा स्वच्छ केली म्हणजे त्याची पूजा झाली, असा त्यांचा भाव.

येथे कोणी म्हणेल, महाराज, सगळी जबाबदारी गरिबाच्याच डोक्यावर टाकता काय? हात धुवा म्हणता, त्याच्यापाशी पाणी कोठे आहे? उघड्यावर बसू नका म्हणता, बसावे कोठे? प्रश्न रास्त आहे. आणि बाबांनी तो आपल्याआधी ओळखला होता. म्हणून त्यांचा एक हात खराट्यावर, तर दुसरा धर्मशाळेच्या पायाच्या दगडावर. ऋणमोचनास पूर्णा नदीवर घाट बांधला. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभारल्या. ज्यांना पंढरीत कोणी ओसरीवरही घेत नव्हते, त्या हरिजन यात्रेकरूंसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या आप्तांसाठी धर्मशाळा केली. खेड्यातला मनुष्य बायकोला दवाखान्यात घालतो आणि स्वतः फुटपाथवर निजतो, हे दुःख त्यांना दिसले होते. त्यांच्या मिशनने पुढे दादरला कर्करोग्यांसाठी धर्मशाळा काढली, ती त्याच वाटेवरची.

इतक्या इमारती बांधल्या, पण आपल्या माणसांना त्यांत कोपराही दिला नाही. पैसा आला तो संस्थांकडे गेला. बाबांचे गाडगे रिकामेच राहिले. म्हणून सिद्धांत असा निघतो, की जबाबदारीला दोन अर्धे आहेत. माझ्या हातून जेवढे होण्यासारखे आहे ते मी करावे, हे एक अर्धे. ज्याच्या हातून परिस्थितीमुळे होत नाही, त्याला ते करता येईल असे आपण सर्वांनी मिळून करावे, हे दुसरे. पहिले सोडून दुसऱ्याची ओरड करणारा आळशी, आणि दुसरे सोडून पहिल्याचा उपदेश करणारा निष्ठुर. बाबा दोन्ही नव्हते.

आता सुरुवातीच्या पूर्वपक्षाकडे वळू. देह नाशिवंत आहे, मग जपावे कशाला? ऐका. १९२३ साली बाबांचा मुलगा गोविंद वारला. बाबा तेव्हा कोकणात होते. निरोप कीर्तनात येऊन पोचला. एकुलता मुलगा तो. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. स्वतःच्या देहाचे त्यांनी कधी कौतुक केले नाही. उन्हात चालले, शिळे खाल्ले, उघड्यावर निजले. वैराग्य यापरते काय असते? पण हाच वैराग्यमूर्ती पुरुष दुसऱ्याच्या पोरास पटकी होऊ नये म्हणून गटार उपसत होता. म्हणजे पहा, आपल्या देहाविषयी उदासीन असणे वेगळे, आणि दुसऱ्याच्या देहाविषयी बेपर्वा असणे वेगळे. पहिले वैराग्य आहे, दुसरे पाप. संसर्गाच्या रोगात अडचण अशी, की माझा देह माझ्यापुरता राहतच नाही. माझा श्वास तुमच्या छातीत जातो, माझ्या हाताचा स्पर्श तुमच्या ताटात जातो. माझ्या देहाला मी जपले नाही, तर ते माझे वैराग्य नव्हे. तो तुमच्या जिवाशी केलेला खेळ होय.

हे मी पांडित्याने बोलत नाही. ठेच लागून बोलतो. २०२१ च्या फेब्रुवारीत एका गावी मोजक्या मंडळींचा सप्ताह होता. माझे कीर्तन शेवटच्या दिवसाचे. आदल्या रात्री घसा धरला, अंगात कणकण भरली. घरच्यांनी नको म्हटले. मी म्हटले, चाळीस वर्षांत सेवा चुकली नाही, आता चुकवू काय? काढा घेतला, उपरणे गुंडाळले आणि उभा राहिलो. मृदंगाला माझ्याहून वडील असे एक अनुभवी गृहस्थ होते. दोन हातांवर बसले होते. दीड तास मी त्यांच्याकडे वळून वळून गायिलो. पाचव्या दिवशी त्यांना ताप भरला, श्वास कोंडला, दवाखान्यात न्यावे लागले. पांडुरंगाच्या कृपेने ते घरी परत आले. पण दम असा गेला, की त्यांच्या हाताला पुन्हा पखवाजाची ती जुनी चाल साधली नाही. रोग माझ्याकडूनच गेला की आणखी कोणाकडून, हे कोणी सांगू शकत नाही. परंतु मला ताप होता आणि तो मला ठाऊक होता, एवढे मात्र मी जाणतो. त्यांनी मला कधी शब्दाने दुखवले नाही. तेच मला अधिक लागते. सेवा चुकू नये म्हणून मी उभा राहिलो असे तेव्हा वाटले. आता वाटते, मी मरीआईचा गाडा ओढीत नेला आणि त्यांच्या शिवेत सोडून आलो.

२०२० ची आषाढी आठवा. ता. १ जुलै. शतकांची पायी वाट त्या वर्षी मोकळी राहिली. आळंदीहून माउलींच्या आणि देहूहून तुकोबांच्या पादुका आदल्या दिवशी एस. टी. च्या गाडीने पंढरीस गेल्या. गावोगावच्या म्हाताऱ्या वारकऱ्यांनी घरातच टाळ वाजवले आणि डोळे पुसले. २०२१ सालीही तसेच. अनेकांना वाटले, वारी चुकली, जन्माचा नेम मोडला. मी त्यांना एवढेच सांगेन, की जो बाबा पंढरीत जाऊन देवळात गेला नाही त्याची वारी चुकली काय? यात्रेकरू जगावा म्हणून ज्याने दर्शन बाजूला ठेवले त्याच्याकडे पांडुरंगच वाळवंटात आला असेल. तुम्ही त्या दोन वर्षी उंबऱ्याच्या आत राहून जे पाळले, तीही वारीच झाली. पुढे २०२२ साली पालख्या पुन्हा पायी निघाल्या, तेव्हा त्या वाटेने चालायला माणसे शिल्लक होती, त्यात तुमच्या त्या पाळण्याचा वाटा आहे.

बाबांचा शेवट त्यांच्या आयुष्यासारखाच झाला. ता. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशन स्थापन होऊन त्यांच्या संस्था एका सूत्रात ओवल्या गेल्या. शरीर थकले होते, पण फिरणे थांबले नव्हते. ता. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असता वाटेत वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. प्रवासात जन्म गेला, प्रवासातच संपला. अमरावतीस त्यांची समाधी आहे. महाराष्ट्र शासनाने पुढे ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले, अमरावतीच्या विद्यापीठालाही दिले. नावे दिली हे चांगलेच झाले. पण बाबांना नाव नको होते, हात हवे होते.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण महामारी ही परतून येणारी पाहुणी आहे; नाव आणि रूप बदलून येते. तेव्हा वारीला निघताना पडशीत चार गोष्टी अधिक घाला. ताप-खोकला असेल तर त्या वर्षी मागे राहा, आणि दिंडीत चालता चालता अंगात ताप भरला तर विणेकऱ्याला सांगून वेगळे निजा, लपवू नका. खोकताना तोंडाला पदर, उपरणे, मुसके, जे असेल ते लावा. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. पाणी उकळलेले किंवा औषध टाकून शुद्ध केलेले प्या. तीर्थाची ओंजळ डोळ्यांना लावली तरी भाव पोचतो. जुलाब-वांती झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजत राहा आणि लगेच दवाखान्याची वाट धरा. पूर्वी ज्या पटकीने गावेच्या गावे नेली, तिच्यातून मनुष्य आता बहुधा वाचतो. लस निघाली असेल तर घ्या. मुक्कामाची जागा सोडताना मागे वळून पाहा. तेथे तुमच्या मागून जो वारकरी उतरणार आहे, तो तुमच्या पाया पडणार आहे, माउली म्हणणार आहे. त्याला आपण काय ठेवून चाललो?

आपल्या संप्रदायात लहान-थोर एकमेकांच्या पाया पडतात, ही आपली खूण. ज्याच्या पाया पडायचे त्याच्या जिवाला आपल्याकडून अपाय होऊ द्यायचा नाही, एवढे कळले तरी बाबांचे चरित्र कळले. त्यांच्या तसबिरीला हार घालण्याआधी घरामागचे गटार एकदा पाहून या. तुंबलेले असेल तर कोणाची वाट पाहू नका. खराटा कोपऱ्यातच असतो.

रामकृष्णहरि!